आढ्याची काजळी

फार पूर्वी वेणुपद्र नगरात सोमवर्मा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने त्या राज्याच्या डोंगराळ टोकाला वानराचा जन्म घेतला होता. तोंड काळे, शेपटी लांब, पाठीचा रंग वाळल्या गवतासारखा. तो आपल्या कळपाचा राजा होता.

त्या डोंगराच्या कुशीत एक गाव होते. हिवाळ्यात सकाळचे धुके घरांवर येऊन बसे आणि कौलांच्या फटींतून थोडा धूर त्यात झिरपे. धुके कुठे संपले नि धूर कुठे सुरू झाला, कोणी सांगू शकत नसे. लांबून पाहिले तर वाटे, गाव गाढ झोपले आहे आणि हळूहळू श्वास घेते आहे.

गावाची एक जुनी समजूत होती. चुलीच्या धुरात घराची श्री असते. धूर निघून गेला की त्याच्या मागोमाग श्रीही उंबरा ओलांडते. म्हणून तिथल्या घरांना खिडकी नव्हती, धुराला वाट नव्हती. धूर वर जाऊन आढ्याला बिलगे, नि आढे काळे कुळकुळीत होई. मुलगी द्यायला आलेला बाप ना गोठा बघे, ना कणगी. शिडीवर चढून आढ्याला बोट लावी. बोट काळे झाले की सुपारी फुटली! आणि तान्ह्या मुलांच्या झोळ्याही त्याच आढ्याला, अगदी उंच बांधत. मूल श्रीच्या जितके जवळ, तितके भाग्यवान.

साऱ्या गावात रोहिणिकेच्या घरचे आढे सर्वांत काळे. रोहिणिका म्हातारी झाली होती. डोळ्यांना सदा पाणी, आणि खोकला असा की शेजारची कोंबडी दचकावी. पण तिला त्याचे काही वाटत नसे. "चुलीपुढची बाई खोकणारच," ती म्हणे. "जी खोकत नाही तिने घरात केलं काय?" पुरुष ओट्यावर वाऱ्याला बसत. त्यांना खोकला नसे, म्हणून त्यांना प्रश्नही पडत नसे.

तिची सून उत्पली. उत्पलीचा पहिला मुलगा रांगायला लागला आणि त्याची छाती भरली. श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या. नजर लागली म्हणाले, मीठमोहऱ्या उतरवल्या. पोर राहिले नाही. आता त्याच झोळीत मुलगी होती, आणि कालपासून तिचेही पोट तसेच उडत होते. उत्पली झोळीला झोका देत होती, पण तिच्याने अंगाई म्हणवत नव्हती. ती नुसती ऐकत होती. एक श्वास. मग दुसरा येतो की नाही.

वर छपरावर बोधिसत्त्वही ऐकत होता.

गावकरी रोज सकाळी वानरांसाठी कौलांवर भिजवलेले हरभरे ठेवीत. छपरावर वानर आले की शुभ असते, असे ते मानत. कळप खाऊन खाऊन गलेलठ्ठ झाला होता. पण आज बोधिसत्त्वाने घास उचलला नाही. ही घरघर त्याने पूर्वीही याच कौलाखाली ऐकली होती, आणि मग ती थांबली होती. रानात उघड्यावर चूल मांडणाऱ्या गुराख्यांची मुले मात्र त्याने पाहिली होती. शेंबडी, मळकी, पण गालांनी टपोरी.

पिंगट नावाचा वानर जवळ आला. "राजा, खात का नाहीस? या घरचे हरभरे गावात एक नंबर!"

"खाली एक पोर गुदमरतंय, पिंगटा."

"माणसाचं पोर माणसं बघतील. आपण खावं, शेपटी वर करावी नि पुढच्या छपरावर जावं."

बोधिसत्त्वाने आपले हरभरे त्याच्यापुढे सारले आणि चुलीच्या बरोबर वरचे छपराचे एक कौल उचलून बाजूला ठेवले.

उत्पलीचा डोळा लागला होता. तिने झोपेतच पाहिले, काळ्या आढ्यातून उजेडाची एक वेल खाली आली आहे. धूर त्या वेलीला धरून वर चढतो आहे. सावकाश, घरी परत निघालेल्या पाहुण्यासारखा. तिने डोळे उघडले. वेल खरीच होती. झोळीतली मुलगी शांत झोपली होती.

तेवढ्यात रोहिणिका झऱ्यावरून आली. "अगं बाई! छपराला भोक! घराची श्री उघडी पडली!" तिने मुलाला, धनकाला, हाक मारली. धनक शिडीवरून चढला, कौल बसवले. धूर परत कोंडला आणि मुलीला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी कौल पुन्हा निघाले. धनकाने पुन्हा बसवले. असे चालूच राहिले. मग गावाने हरभरे बंद केले आणि गोफणी काढल्या. एक दगड बोधिसत्त्वाच्या खांद्याला लागला. हात उचलेना, तरी दुसऱ्या हाताने त्याने कौल काढले.

"झाली हौस?" पिंगट म्हणाला. "हरभरे गेले, वर दगड आले. आम्ही चाललो पलीकडच्या खोऱ्यात."

"जा, सुखी राहा," बोधिसत्त्व म्हणाला. कळप गेला. तो एकटा राहिला.

घरात उत्पली धीर करून म्हणाली, "सासूबाई, भोक असलं की ती झोपते. बुजवलं की धापा टाकते. राहू द्या ना तसंच."

"तुझ्या माहेरचं आढं मेलं पांढरंफटक. तुला काय कळायचं श्रीमधलं!"

सासू गोठ्यात गेल्यावर उत्पलीने शिडीच्या पायऱ्या मोडून चुलीत घातल्या.

धनकाला नवी शिडी करायला वेळ लागला. ती तयार झाली त्याच दिवशी मावठ्याचा पाऊस आला. पाणी भोकातून थेट चुलीवर. "बघ!" रोहिणिका ओरडली. "आता चूल विझेल, मग खा तुझा उजेड!" पण पाणी थांबले. बाहेर पाऊस कोसळतच होता, आणि चुलीवर एक थेंब पडत नव्हता.

धनक पावसात जाईना. म्हातारी चिडून स्वतःच शिडी चढली.

कौलांवर तोच वानर होता. भोकाच्या कडांना हातपाय रोवून त्याने पाठीची कमान केली होती. पाऊस पाठीवरून ओघळत होता. खालून येणारा धूर त्याच्या तोंडावर आदळून पोटाखालून बाहेर जात होता. डोळे लाल, गळत होते. आणि तो खोकत होता. कोरडा, खोल, खडखडता खोकला. रोहिणिकेने कान दिला. हा खोकला तिच्या ओळखीचा होता. तिच्या आईचा, तिच्या सासूचा, तिचा.

"का रे बाबा," तिच्या तोंडून निघाले, "का मरतोस इथं?"

बोधिसत्त्व म्हणाला, "माय, तुझ्या घरात कोंडली आहे ती श्री असती, तर माझ्या छातीत शिरल्यावर मला सुख झालं असतं. मला श्वास मिळत नाही. आणि मी तर मोठा आहे."

रोहिणिकेला झोळीतल्या पहिल्या मुलाचे तोंड आठवले. मग तिने बाजूचे कौल उचलले, खाली गोफणीच्या दोन दगडांचा टेकू दिला आणि भोकावर ते टेकवले, तिरपे, टोपीसारखे. पाणी बाहेर गेले. धूरही बाहेर गेला.

"हो बाजूला," ती म्हणाली. "आता माझं घर मी बघते."

खाली येऊन तिने झोळी सोडली आणि मुलगी मांडीवर घेतली. ती मुलगी रांगली, चालली, पुढे झऱ्यावर घागरी नेऊ लागली. गावात एकेका घराला टोपीचे कौल बसत गेले. बोधिसत्त्व धुक्यात रानाकडे निघून गेला. तो खोकला मात्र त्याच्या छातीत अखेरपर्यंत राहिला.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंपुढे जन्मांची गाठ उलगडली: "तेव्हाची रोहिणिका आज वृद्ध भिक्षुणी, थेरी सुभगा आहे. उत्पली ती उपासिका मृगिनी, आणि झोळीतली मुलगी आजही तिचीच लेक आहे. कळप घेऊन गेलेला पिंगट म्हणजे हा भिक्षू तिष्य, ज्याला भिक्षेला उशीर झाला की आजही चैन पडत नाही. आणि तो वानर मीच होतो. दुसऱ्याचा श्वास अडला की आपलाही अडतो, त्याला करुणा म्हणतात. दगड लागले तरी करुणेची जागा न सोडणे, ही क्षांती, म्हणजे सहनशीलता."