सायलाबाईंची तपासणी

झाडांच्या सभा भरायच्या आणि त्यांत ठरावही व्हायचे, त्या काळची गोष्ट. एका बागेत थोरल्या संत्र्याची पानं पिवळी पडली, फळं वाकडी नि कडू झाली. रोग शोधायला हवा होता, पण झाडांना जागचं हलता येईना. म्हणून सभेने सायलाबाईंना नेमलं. सायलाबाई म्हणजे रस पिणारी तिळाएवढी कीड. त्यांना उडता यायचं आणि एका घोटात झाडाची चव कळायची.

बाई फार कामसू. डोकं खाली, बूड वर करून कोवळ्या शेंड्यात तोंड खुपसायच्या आणि तेच तोंड न पुसता पुढच्या झाडावर जायच्या. दोन बहारांनी त्यांनी सांगितलं, "तपासलेलं एकूण एक झाड आजारी निघालं!"

"काय बारकाईनं काम करतात!" सभा म्हणाली.

बांधावरच्या लिंबोणीने मात्र थोरल्याला हाक मारली. "थोरले काका, बाई माझ्याकडे अजून आल्याच नाहीत, आणि मी एकटीच धडधाकट आहे. काही ध्यानात येतंय का?"

"येतंय तर!" थोरला गहिवरला. "तुझ्यावर अन्याय झाला, पोरी. बाई, आधी हिला तपासा."

"मी एकटी कुठंकुठं पुरू?" बाई म्हणाल्या.

लिंबोणी नको नको म्हणत असतानाच तपासनीस वाढवायचा ठराव मंजूर झाला. पण ते आणायचे कुठून?

सायलाबाई लाजल्या. "ती सोय मी केव्हाच केलीय. तुमच्या शेंड्याशेंड्यांवर अंडी घातलीत."

हे ऐकून सभेने आनंदाने एवढी सळसळ केली, की थोरल्याची उरलीसुरली पानंही गळून पडली.