उजव्या झाकणाचा लाल रंग

फार मागे एका जुन्या मोटरसायकलला प्लास्टिकची दोन लाल झाकणं होती. गाडी रोज डावी बाजू उन्हाकडे करून उभी राही, म्हणून डावं झाकण पार विटलं होतं.

रंगारी झुंबरमामांनी घासायला पॉलिश पेपर भिजवला, तसं उजवं धास्तावलं, पण ऐटीतच म्हणालं, "मामा, यालाच घासा. आणि रंग माझ्याकडे बघून मिसळा."

"बरं बाबा," मामा हसले. रंग मात्र त्यांनी डाव्याचीच सीटखाली झाकलेली, ऊन न लागलेली कड बघून मिसळला.

रंगवलेलं डावं वाळून शेजारी आलं, तेव्हा उजव्याला आपला फिकेपणा पहिल्यांदाच दिसला.

"मामा, मलाही घासा."

"ये. रंग दोघांपुरता मिसळलाय."