सॉफ्टवेअर आणि गाडीचा मध्यस्थ

हे गेले आणि त्यांची गाडीही बंद पडली. तेव्हा मी देवीला बोलले होते, गाडी सुरू झाली तर तिच्यातूनच ओटी भरायला येईन. गाडीचा आवाज ऐकायला जीव आसुसला होता.

गॅरेजचे मालक टिपणीस फणकारले, “काकू, बिघाड शोधायचं आमचं सॉफ्टवेअर जुनं. त्याची केबल तुमच्या गाडीला बसत नाही. भंगारात द्या!”

“तुमच्या लेकीची सोयरीक थेट बोलून जमली?”

“छे! मध्यस्थ घातला.”

“म्हणजे लेकीसाठी मध्यस्थ, आणि माझ्या गाडीसाठी थेट भंगार?”

टिपणीस ओशाळले. त्यांनी अडॅप्टर मागवून केबल आणि गाडीच्या मध्ये जोडला. बिघाड लगेच पडद्यावर दिसला. दुरुस्तीनंतर इंजिन घुरघुरलं. मी सवयीने ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसले आणि टिपणिसांना गाडी देवीच्या देवळाकडे घ्यायला सांगितलं.

बायांनो, तुमच्याकडेही आपल्या माणसाची वस्तू अबोल झाली असेल, तर टाकण्याआधी मध्यस्थ शोधा.