दरबारात खाजवायची परवानगी

चांदरगडच्या रणधवल महाराजांना खाज सुटली आणि राज्यावर संकट कोसळलं. साध्या माणसाला खाज सुटली तर तो खाजवतो आणि कामाला लागतो. राजाला सुटली की चौकशी बसते!

चौकशी दिवाण विसाजीपंतांकडे गेली. हे पंत मोठे हुशार गृहस्थ. गेल्या महिन्यात त्यांनीच महाराजांसाठी सातासमुद्रापलीकडून गुलाबी साबणाच्या पेट्या आणवल्या होत्या. वासाने न्हाणीघर घमघमायचं, फेस तर दारातून बाहेर यायचा. महाराज इतके खूश झाले, की दिवसातून तीनदा अंघोळ करू लागले. तेल आणि उटणं गावंढळ ठरवून त्यांनी राजवाड्यातून हद्दपार केलं. प्रत्येक मानकऱ्याला एकेक वडी भेट मिळाली. राजाची भेट वापरायची नाही, एवढी कोणाची छाती?

तेव्हा साबणावर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता. पंतांनी गुन्हेगार शोधला तो गोंदा परीट, महाराजांचे कपडे धुणारा!

"यानंच कपड्यांत खाजकुयली घातली असणार, महाराज!" पंत म्हणाले.

गोंदा पाया पडला. "न्हाई सरकार! तुमच्या गळ्याची आन!"

"तू नाहीस? मग जो कोणी असेल त्याला उद्या दरबारात माझ्यासमोर उभा कर," महाराज कडाडले. "नाहीतर तू, तुझी बायको आणि तुझी गाढवं, सगळी उद्याच राज्याबाहेर!"

गोंदा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "खाज काय चोर हाय का, मुसक्या बांधून न्यायला?"

त्याची बायको भिवरा महाराजांचे पंचे पिळत होती. एका पंच्यातून गुलाबी साबणाचा कपचा खाली पडला. तिने तो हुंगला, जिभेच्या टोकाला लावला आणि थू करून थुंकली.

"अगं बाई! ह्यो तर आपल्या घाटावरला, कापडं धुवायचा खार! गुलाबाचं अत्तर लावून राजवाड्यात शिरलाय व्हय!" ती हसली. "गाढवांवर बिऱ्हाड लादू नगा. उद्या म्या येते दरबारात."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. चांदरगडच्या दरबारात अंग खाजवणं म्हणजे राजाचा अपमान, असा जुना नियम. त्यामुळे सगळे मानकरी दगडासारखे ताठ बसले होते. सिंहासनावर महाराज दात आवळून चुळबुळत होते.

"कुठंय गुन्हेगार?" त्यांनी विचारलं.

भिवरा पुढे आली. "आनलाय सरकार. पर आदी येक मागनं हाय. घडीभर दरबारात खाजवायची परवानगी द्या!"

"काय हा उद्धटपणा!" पंत ओरडले.

पण महाराजांना एवढी गोड मागणी आजवर कोणी केली नव्हती. "दिली!" म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी पोटऱ्या धरल्या.

आणि मग काय विचारता! सेनापतींनी चिलखताच्या आत हात घातला. राजपुरोहित कोपरं ओरबाडू लागले. खजिनदार तर खाजवता खाजवता पगडी हरवून बसले. पंतांनी थोडा वेळ दम धरला, पण शेवटी तेही खांबाला पाठ घासू लागले. फक्त दाराशी उभे असलेले माळी आणि चोपदार मजेत बघत राहिले.

"माळीदादा," भिवराने विचारलं, "तुमची कापडं कोन धुतं?"

"तूच की!"

"अन् दिवाणसायबांची?"

"त्यांचा परीट वेगळा. तुला ते आपल्या कपड्यांना हात लावू देत नाहीत!"

"बगा सरकार! माज्या हातची कापडं घालून माळीदादा मजेत हायत, अन् पंत खांब झिजवायला लागलेत. आता सांगा दादा, अंघोळ कशानं करता?"

"डाळीच्या पिठानं. सणाला तेल आणि उटणं."

भिवराने पदरातून गुलाबी कपचा काढला. "ह्यो तुमचा गुन्हेगार, सरकार!"

"अशक्य!" पंत किंचाळले. "हा साबण म्हणजे अमृत आहे, अमृत!"

"मग जिभेला लावा की जरा!"

"लावा, पंत," महाराज म्हणाले.

पंतांनी कपचा चाटला. त्यांचा चेहरा लाल झाला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"कसा लागतोय?" महाराजांनी विचारलं.

"गो... गोड!"

"वा! मग अजून एकदा चाटा."

"पाणी! पाणी आणा कोणीतरी!" पंतांनी जीभ बाहेर काढून टाहो फोडला.

भिवराने आपले भेगाळलेले तळहात पुढे केले. "सरकार, असला खार रोज माज्या हातात असतो. मळासंगं ह्यो कातडीचं तेलबी खातो. म्हनून म्या रोज रातच्याला करंजाचं तेल चोळते. तुमी तर तेलच हद्दपार केलं, वर दिसातून तीनदा अंग धुता! घोंगडीसुद्दा आमी रोज धूत न्हाई, सरकार."

महाराजांनी आपल्या खरखरीत हातांकडे पाहिलं, पंतांच्या लोंबणाऱ्या जिभेकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

"गोंदाची शिक्षा रद्द! आणि हे घे!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. "आणखी काय हवं?"

"साबणाच्या पेट्या घाटावर पाठवा, सरकार. कापडाला खाज सुटत न्हाई."

"दिल्या! पण पंतांचं काय करू? त्यांना काय शिक्षा देऊ?"

"शिक्षा अन् त्यास्नी? छे छे!" भिवरा हात जोडून म्हणाली. "एवडं अमृत आनलं त्यांनी! येक पेटी त्यांच्या घरी ठेवा, अन् रोज तीनदा अंघोळ घाला!"

महाराज एवढे हसले, एवढे हसले, की खाजवायचंसुद्धा विसरले.