सारजाबाईची एकोणीस कामे

माणदेशातल्या माळखडी गावी, ओढ्याच्या अंगाला महादेवाचे दगडी देऊळ आहे. तिथे निवांत महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही गोष्ट. महाराज कुठून आले, त्यांचे मूळ नाव काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. कुणी रडत आला, भांडत आला, धापा टाकत आला, तरी महाराजांचा पहिला शब्द एकच असे, "निवांत." म्हणून लोकच त्यांना निवांत महाराज म्हणू लागले. शब्द तो एवढासा. पण ज्याच्या कानी पडे त्याचा श्वास खाली बसे. एका सारजाबाईचा मात्र काही केल्या बसत नसे.

सारजाबाई ही सांगराची विधवा. सांगर म्हणजे धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातून घोंगड्या विणणारे लोक. नवऱ्यामागे तिने माग बंद पडू दिला नाही. चातीवर सूत कातावे, मागावर घोंगडी धरावी, आणि शाळामास्तरांच्या बायकोकडून शिकलेल्या दोन सुयांवर कानटोप्या, पायमोजे विणावेत, असा तिचा दिवस जाई. हात असा की पाहणाऱ्याने पाहत राहावे.

पण आदल्या पौषात एक गोष्ट घडली होती. शेजारच्या भीमाक्का म्हातारीला सारजाबाईने घोंगडी कबूल केली होती. मध्येच दुसऱ्या कुणाची टोपी आली, तिसऱ्याचे मोजे आले, घोंगडी मागावर अर्धी राहिली. एका पहाटे गारठा असा उतरला की ओढ्याच्या काठचे पाणी थिजले, आणि भीमाक्का आपल्या फाटक्या वाकळेतच गार होऊन पडलेली सापडली. मागावर अर्धी घोंगडी तशीच ताणलेली होती. सारजाबाईने ती पाहिली आणि त्या दिवसापासून तिच्या जिवात धसका बसला तो बसलाच.

पुढल्या दसऱ्याला तिने महाराजांसमोर हात जोडून सांगितले, "म्हाराज, दत्तजयंतीच्या आत गावातलं एकबी उघडं माणूस मी ऱ्हाऊ देणार न्हाई." आणि घरोघर जाऊन तिने कामे स्वतःच मागून घेतली. आंधळ्या तात्याला कानटोपी. डाक घेऊन डोंगर चढणाऱ्या हरकाऱ्याला गुडघ्यापर्यंत मोजे. देवळाच्या गुरवाला घोंगडी. वाळीत पडल्यासारख्या राहणाऱ्या कुंभाराच्या म्हातारीला अंगावरची शाल. अशी एकूण एकोणीस! लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून तिने एका दोरीला एकोणीस गाठी मारल्या आणि ती दोरी कमरेला खोचली.

इथेच घोटाळा झाला. सारजाबाईने सगळी कामे एकदमच सुरू केली. टोपीचे चार फेरे झाले की तिला वाटे, आपण इथे टोपी विणतोय आणि तिकडे म्हातारी कुडकुडतेय. ती टोपी टाकून शाल घेई. शाल हातात घेतली की हरकाऱ्याचे उघडे पाय दिसत. मोज्याला हात घातला की मागावरची घोंगडी डोळ्यांपुढे येई, आणि घोंगडी म्हटली की भीमाक्का. मग ती चातीपाशी धावे, कारण सूतच कमी पडले तर? घरभर अर्धी कामे लोंबत होती. जेवताना तिचा एक हात भाकरीवर आणि दुसरा कमरेच्या गाठी चाचपत असे. कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला. एकही गाठ सुटली नव्हती.

गावच्या देशमुखांच्या घरच्या कर्त्या बाई म्हणजे सुभद्राबाई. त्यांचे माहेर पुण्याचे. दोन सुयांवरचे विणकाम त्यांना उत्तम येई, आणि त्याचा त्यांना तितकाच ताठाही होता. शहरातून आणवलेल्या रंगीत लोकरीचे स्वेटर, शाली त्यांनी पेटीत घडी घालून ठेवल्या होत्या. आल्यागेल्याला दाखवायच्या आणि परत ठेवायच्या. एका सोमवारी देवळाच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. सारजाबाई एका हातात मोजा नि दुसऱ्या हातात टोपी घेऊन दर्शनाला आलेली पाहून सुभद्राबाई मोठ्याने म्हणाल्या, "सारजे, मोजा डोक्यात घालायचा आहे की टोपी पायात?"

बायका हसल्या.

"गावाला पांघरूण घालायला निघालीस, आणि दोन महिन्यांत साधा पायमोजा होईना? हात दोन आहेत की एकोणीस? ज्याला विणता येतं ना, तो एवढा गवगवा करत नाही."

सारजाबाईने मोजा नि टोपी पदराखाली घेतली. सुभद्राबाईंच्या बोलण्यात खोटे काही नव्हते, हेच तिला जास्त लागले. बायका पांगल्यावर ती महाराजांसमोर बसली आणि तिचा बांध फुटला.

"म्हाराज, डोळं उघडलं की गाठीच दिसत्यात. एकाचं पुरं कराय बसावं तर वाटतं, तवर दुसरा मेला तर? मी कुणाला मागं ठेवू? तुमीच सांगा, कुणाला मागं ठेवू?"

महाराज म्हणाले, "निवांत. आत्ता तुझ्या हातात काय आहे?"

"टोपी... आन् मोजा."

"एक खाली ठेव."

सारजाबाईने दोन्हींकडे पाहिले. टोपीकडे पाहिले की मोजा ओरडे, मोज्याकडे पाहिले की टोपी. तिला एकही खाली ठेवता येईना! महाराज तिच्याकडे पाहत राहिले. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, "बरं, ने दोन्ही. वेळ आली की एकच उरेल."

या शब्दांनी सारजाबाई उलट घाबरली. एकच उरेल म्हणजे काय? बाकीच्यांचे काय होणार?

दत्तजयंती तीन दिवसांवर आली. त्या दिवशी सकाळी सारजाबाईने पिंजलेल्या लोकरीची मोठी दुरडी उघडली. आत मेंढीच्या कोकरांचे पहिल्या कातरणीचे जावळही होते, लोण्यासारखे मऊ. ते तिने जपून तळाशी ठेवले होते. तिने वरचा पुंजका उचलला आणि तो बोटांतून भुकटी होऊन गळला. तिने खाली हात घातला. तीच भुकटी. तळापर्यंत कसर लागली होती! सारखी या कामावरून त्या कामावर धावताना दुरडीला ऊन दाखवायचे राहूनच गेले होते. धनगर तर दिवाळी होताच मेंढरे घेऊन कोकणात उतरलेले. गावात मूठभर लोकर मिळायची सोय नव्हती.

सारजाबाई दुरडीपाशी मटकन बसली. रडूही येईना. तेवढ्यात दारातून हाक आली. गावची सुईण चंद्राक्का धापा टाकत उभी होती.

"सारजे, ऊठ! देशमुखांची लेक मालन आठव्या महिन्यातच मोकळी झाली. पोरगी एवढीशी हाय बघ, माझ्या वंजळीत मावती. अंगात ऊबच धरंना. गोधडी घातली तर वझ्यानं दम लागतोय, आन् बाईसाहेबांची ती शहरातली रंगाची लोकर अंगाला लावली तर कातडी लाल झाली. जावळाचं झबलं-टोपडं पायजे. तुझ्याकडं जावळ हाय नव्हं?"

सारजाबाईने दुरडी तिच्यापुढे कलती केली.

चंद्राक्काने कपाळाला हात लावला. "आता गं?"

ज्या बाईने चारचौघींत हसे केले, तिचीच ही नात. पण खरे सांगायचे तर सारजाबाईला ते हसणे त्या क्षणी आठवलेही नाही. तिला फक्त एक गार पडत चाललेला जीव दिसला, आणि अर्धी घोंगडी दिसली. ती उठली आणि अनवाणीच देवळाकडे धावली.

"म्हाराज, धावा! एकोणिसांवर ही इसावी आली, आन् माझ्याकडं एक तंतू न्हाई!"

महाराज धुनीपुढे बसले होते. अंगावर धनगरांनी कधीकाळी वाहिलेली काळी घोंगडी होती, राठ, धुराचा वास मुरलेली. ते लगेच उठले. "चल," एवढेच म्हणाले आणि पुढे चालू लागले.

देशमुखांच्या घरी महाराज त्या दिवसापर्यंत कधी गेले नव्हते. कुणी बोलावलेच नव्हते. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर ओसरीवर ते भिंतीला टेकून बसले. आत मालन तापाने ग्लानीत होती. चंद्राक्काने शेगडीजवळ बसून पोरीला उघड्या छातीशी धरले होते. सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सारजाबाईचे रिकामे हात पाहिले आणि भीतीचा रागच झाला.

"हात हलवीत आलीस? एकोणीस घरांना आशा लावलीस, आणि जावळ सांभाळता आलं नाही तुला?"

"न्हाई आलं, बाईसाहेब," सारजाबाई म्हणाली.

महाराजांनी घोंगडीच्या काठाचा एक धागा नखाने उचकटला आणि तिच्यापुढे धरला. "सारजे, सुया आहेत ना? घे."

सुभद्राबाईंना राहवले नाही. "महाराज, क्षमा करा, पण ही घोंगडी माझ्या हाताला टोचते. ते कोवळं कातडं सोलून निघेल!"

महाराजांचा हात तसाच पुढे राहिला. सारजाबाईने कमरेला खोचलेल्या सुया काढल्या, उंबऱ्याशी बसून धागा हातात घेतला मात्र, आणि तिची बोटे थबकली. घोंगडीतून काळा निघालेला तो धागा तिच्या चिमटीत येईतो सायीच्या रंगाचा झाला होता. मऊ! कोकराच्या जावळाहूनही मऊ. तिने महाराजांकडे पाहिले. महाराजांचे डोळे मिटलेले होते.

तिने टाके घातले. टोपडे आधी, कारण ऊब डोक्यातून जाते. दहा-बारा टाके झाले नि सवयीने तिच्या मनात आले, तात्याची टोपी राहिली. त्याच क्षणी धागा ताठ झाला. ओढून येईना. आत पोरीचा बारीकसा कण्हण्याचा आवाज आला, तशी तिने नजर खाली सुईवर आणली, आणि धागा सैल होऊन पुन्हा वाहू लागला. पुढे हरकाऱ्याचे पाय आठवले, धागा अडला. कुंभाराची म्हातारी आठवली, पुन्हा अडला. असे किती वेळा झाले कोण जाणे. आणि दर वेळी ती हातातल्या एका टाक्याकडे परत येई. धागा एकच होता. एका धाग्यावर एकच काम होते, दुसरे करायचे म्हटले तरी करता येत नव्हते.

टोपडे झाले. चंद्राक्काने ते हात लांब करून घेतले आणि पोरीच्या डोक्यात सरकवले. सारजाबाईने झबले धरले. कमरेची दोरी कधी गळून उंबऱ्याबाहेर पडली ते तिला कळलेही नाही. झबले झाले, मोजे झाले. ओसरीवरचे ऊन भिंतीवर चढले आणि मावळले. देवळात सांजेची घंटा वाजली तेव्हा आतून एक आवाज आला. आधी मांजराच्या पिल्लासारखा, मग चांगला खणखणीत. पोरगी भुकेने रडत होती!

"पाय ऊन झालं!" चंद्राक्का ओरडली. "बाईसाहेब, हात लावून बघा, पाय ऊन झालं!"

सुभद्राबाईंनी हात लावला आणि त्यांचे डोळे भरले. पण त्या विणकाम जाणणाऱ्या होत्या. टोपडे, झबले, मोजे, एवढ्याला सूत किती लागते, हे त्यांना पक्के ठाऊक. घोंगडीचा काठ चांगला वीतभर उसवला असणार. त्या ओसरीवर आल्या, खाली वाकल्या आणि दिव्याच्या उजेडात काठ बोटांनी चाचपू लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक धागा कमी नव्हता. सुटे टोकसुद्धा सापडेना. आणि घोंगडी तशीच राठ, बोटांना टोचणारी!

महाराजांनी डोळे उघडले. सुभद्राबाई तिथेच कोसळल्या आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी हसले तिला. भरल्या देवळात हसले."

"निवांत," महाराज म्हणाले. "हसायला वेळ होता तुला. आता तिची एकोणीस माणसं थंडीत आहेत, आणि गावात लोकर नाही." एवढे बोलून ते उठले आणि अंधारातच देवळाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता सुभद्राबाई सारजाबाईच्या दारात आल्या. बरोबर गड्याच्या डोक्यावर ती पेटी. त्यांनी ती अंगणात उघडली, सर्वांत वरची जांभळी शाल काढली, तिचे टोक शोधले आणि भरभर उसवायला सुरुवात केली. "आधी कोणाचं?" त्यांनी विचारले.

उत्तर द्यायचे म्हणजे कुणाला तरी मागे ठेवायचे. सारजाबाईने श्वास घेतला. "कुंभाराच्या म्हातारीचं," ती म्हणाली, आणि दुसरे नाव घेतले नाही.

अर्धी कामे होतीच, ती दोघींच्या हातांनी भरभर उरकू लागली आणि दत्तजयंतीपर्यंत चौदा झाली. पाच राहिली, ती पौष निम्मा होईतो पुरी झाली. त्या हिवाळ्यात माळखडीत गारठ्याने कुणी दगावले नाही. हरकारा लाल मोजे घालून डोंगर चढला. आंधळ्या तात्याची टोपी स्वतः सुभद्राबाईंनी विणली होती. घाईत ती सैल होऊन त्याच्या डोळ्यांवर उतरे. तात्या हसून म्हणे, "उतरंना का! माझं काय अडतंय?"

पोरीचे बारसे झाल्यावर पहिल्या सोमवारी देवळात गर्दी जमली होती. सारजाबाई खांबाशी बसून गुरवाच्या मुलाचा मोजा विणत होती, एकच मोजा. सुभद्राबाई नातीला घेऊन आल्या. त्यांनी पोरीला महाराजांच्या पायांवर घातले, मग वळल्या, आणि ज्या बायकांसमोर त्या हसल्या होत्या त्यांच्याचसमोर सारजाबाईपुढे वाकल्या.

"अवं बाईसाहेब, काय करताय!" सारजाबाईने घाबरून सुया बाजूला ओढल्या. "टोचंल की डोळ्याला!"

"टोचू दे," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सारजाबाईच्या मांडीवरच्या त्या दोन हातांवर आपले डोके टेकले.