ताण्याची मोकळी जागा

अहो पाहुणे, मधून नका जाऊ, कडेनं या! हसू नका. दोन्ही बाजूंना चार-चार मजली इमारती उठल्या, पण आमच्या कोष्टी गल्लीतली ही लांबट जागा मोकळीच आहे. इथं कुणी सायकलसुद्धा लावत नाही. मोजमाप घ्यायला कितीजण आले आणि गल्लीचं ऐकून परत गेले.

पूर्वी इथं ताणा पसरत. म्हणजे लुगड्याचं उभं सूत दोन टोकांना ताणून धरायचं आणि त्याला खळ लावायची. एका टोकाला चंद्राक्का असायची, दुसऱ्या टोकाला तिचा नवरा शिवलिंग. ताणा ओलांडायचा नाही, वळसा घालायचा, हे कोष्ट्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. पण एके दिवशी चुलीवरचं दूध उतू चाललं आणि चंद्राक्का घाईत ताण्यावरूनच धावली. पाय अडकला, सूत तटातटा तुटलं. शिवलिंग सगळ्या गल्लीदेखत तिला नाही नाही ते बोलला. तीही काही कमी नव्हती. म्हणाली, "एवढं सूत प्यारं असेल तर धरा की एकट्यानं दोन्ही टोकं!" तो न जेवता निघून गेला, तो गेलाच.

मग बाईनं तोंडात मारून घेतलं म्हणे. आमच्या चौंडेश्वरी देवीपुढं बोलली, ते येईपर्यंत त्यांच्या टोकाला कुणी उभं राहणार नाही. तिकडं खुंटी ठोकून ती एकटीच ताणा लावायची, या टोकाहून त्या टोकाला कडेकडेनं धावायची. अशी बारा वर्षं काढली. तेराव्या वर्षी तापानं पाय लटपटायला लागले. शेजारचा दौलू म्हणाला, "अक्का, आजच्या दिवस मी धरतो." आणि ती हो म्हणाली. काय नशीब बघा! नेमका त्याच सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक माणूस येऊन थांबला, असं सांगतात. दाढी वाढलेली, खांद्यावर गाठोडं. आपल्या जागी दुसरा माणूस बघितला आणि आल्या पावली मागं फिरला. दौलूनं ओळखलं, सूत टाकून पळत गेला, पण तो काही सापडला नाही.

चंद्राक्का पुन्हा मागावर बसली नाही. मरताना गल्लीकडून तिनं एवढंच मागून घेतलं, की ही जागा रिकामी ठेवा, आपल्यावाचून इथं भागलं असं परत येणाऱ्याला वाटायला नको.

आजही गल्लीतला माणूस परगावाहून आला, की घरी जाण्याआधी पिशवीसकट शिवलिंगाच्या त्या टोकाला उभा राहतो. घरातलं कुणीतरी या टोकाला येऊन त्याला हाक मारतं. माझा थोरला, विरूपाक्ष, सात वर्षांपूर्वी माझ्याशी भांडून सुरतेला गेला. चूक माझीच होती. मी रोज इथं येऊन बसतो. गेल्या दिवाळीत तेवढा चार दिवस दवाखान्यात होतो. त्या चार दिवसांत तिकडं कुणी येऊन उभं राहिलं होतं का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.