उजव्या करंगळीवरचा गोवर्धन

ही गोष्ट अगदी खरी आहे, गळ्याशपथ. म्हणजे ज्यांनी सांगितली ते जरा थापाडे होते, पण गोष्ट खरी.

फार पूर्वी एका दरबारात एक चितारी होता. त्या काळी चितारी देवाची आकृती दर वेळी नव्यानं काढत नसत. वाडवडिलांचा चरबा असे. पातळ कातड्यावर रेषा, रेषांवर बारीक भोकं. तो कागदावर ठेवून वरून कोळशाची पूड थोपटली, की खाली कृष्ण हजर.

राजानं गोवर्धनाचं चित्र काढायला सांगितलं. चिताऱ्यानं ढग रंगवले, गाई रंगवल्या, खारीच्या केसांच्या कुंचल्यानं मोरपीस रेखलं, सोनं घोटून चमकवलं. दरबाराच्या दिवशी सकाळी बायकोनं चित्र पाहिलं आणि विचारलं, "अहो, देवानं पर्वत डाव्या करंगळीवर उचलला होता ना?"

चित्रातल्या कृष्णाचा उजवा हात वर होता. चरबा उलटा पडला होता.

आदला चितारी रावणाचं एक तोंड काढायला विसरला, तर राजानं त्याला बायकापोरांसकट हद्दपार केलं होतं. बायको बोचकी बांधायला लागली.

दरबाराच्या वाटेत चिताऱ्यानं थाप जुळवली, की एका जुन्या पोथीत उजवाच हात सांगितलाय. पण चित्र राजापुढे ठेवून त्यानं तोंड उघडायच्या आत दरबारातले शास्त्रीबुवाच उजव्या हाताकडे पाहून मान डोलावत म्हणाले, जुन्या पोथीत अगदी असंच आहे.

"कुठल्या पोथीत?" राजानं विचारलं.

शास्त्रीबुवांनी चिताऱ्याकडे पाहिलं. चिताऱ्याच्या मनात आलं, आज पोथीचं नाव द्यावं लागेल, उद्या पोथी आणावी लागेल, परवा ती लिहिणारा. त्यानं हात जोडले.

"महाराज, पोथीबिथी काही नाही. चरबा उलटा पडला. चूक माझी."

राजमातेनं चित्र मागवून घेतलं, निरखून पाहिलं आणि लेकाला म्हणाली, "सात दिवस पर्वत धरला होता रे त्यानं. मध्ये हात बदलला नसेल का?"

राजा खदखदून हसला.

घरी बोचकी सोडताना बायको म्हणाली, "पुढच्या वेळी चरबा ठेवताना मला हाक मारा."

तात्पर्य इतकंच: लपवलेली चूक गोवर्धनासारखी एकट्यानं पेलावी लागते, आणि आपली करंगळी काही देवाची नसते.

आता कबूल करतो, राजा हसला हे माझ्या पदरचं. तो नुसता म्हणाला, "बरं, आईसाहेबांकडे राहू दे ते चित्र." बोचकी मात्र खरोखरच सुटली.